होडी कोरडी पडू नये म्हणून

या, जरा पुढे या. दारात चपला घालूनच काय उभे राहता? बाराव्याला आलात, पानावर जेवलात, ‘वासूसारखा माणूस आता मिळायचा नाही’ म्हणालात आणि अंगणात लावलेल्या गाडीत बसून निघून गेलात. माझ्या जावेला विचारलेत, ‘आता तुमचे कसे?’ ते बरे केलेत. पण त्याच्या होडीचे काय, हे एकानेसुद्धा विचारू नये? जेवायला बसलेल्यांतल्या निम्म्यांच्या होड्या त्याच्या हाताखालून गेलेल्या. मी भांडत नाही हो, माझा आवाजच तसा आहे. एकेकाच्या दारात जाऊन सांगितले असते, पण गुडघे ऐकत नाहीत, म्हणून पेपरातून सांगते आहे. ऐका.

वासू माझा धाकटा दीर. मी नार्व्याहून लग्न होऊन पेडणे तालुक्यातल्या या घरात आले तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता, म्हणून मी त्याला कधी ‘भावजी’ म्हटले नाही. तो मला ‘वैनी’ म्हणायचा आणि अगं-तुगं करायचा. त्याच्या जाण्याची बातमी मला आली ती त्याच्याच फोनवरून. आमचा एक ठराव होता. तो नदीत उतरला की मी घरात बसून काळजी करायची, आणि तो वर आला की त्याने मला एक मिस्ड कॉल द्यायचा. मी उचलायचा नाही. वाजून थांबला की समजायचे, वासू काठावर आला. त्या सकाळी तसा कॉल आला. मी देवाकडे बघून हात जोडले आणि चहाचे आधण ठेवले. थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. वासूचाच नंबर. मला वाटले, ओल्या हाताने चुकून दाबला असेल, उचलला नाही. थांबला आणि पुन्हा वाजला... तेव्हा मात्र आधण उतरवून ठेवले.

उचलला तर बाजारातला न्हावी बोलत होता. “वैनी, वासूभाऊ हंय खुर्चेर बसले ते... उठनात ते.” शेवटचा नंबर माझा होता म्हणून त्याने तो लावला होता. मी काय विचारावे? मी विचारले, “पाण्यात?” तो बिचारा गोंधळला. “न्हय गो वैनी, खुर्चेर. दाढी करतालों.” एका गालाचा साबण तसाच होता म्हणाला. मी आयुष्यभर पाण्याला भ्यायले आणि हा माणूस पंख्याखाली, आरशासमोर बसल्या बसल्या गेला. मला अजूनही कधीकधी वाटते की काहीतरी चुकीचे ऐकले. इतकी वर्षे ज्या बाजूला डोळे लावून बसले, त्या बाजूने काहीच आले नाही.

पाण्याची भीती मी माहेराहून आणलेली. नार्व्याला नदी आमच्या कुळागराला, म्हणजे पोफळीच्या बागेला, लागून. माझा मामा एका पावसाळ्यात पलीकडे गुरे आणायला गेला, गुरे आली, मामा आला नाही. तेव्हापासून माझ्यासाठी पाणी म्हणजे घागरीतले, नाहीतर बाल्दीतले. आणि नशिबाने सासर मिळाले तेही शापोरा नदीच्या काठावर, आणि दीर असा, की ज्याचे अर्धे आयुष्य पाण्यात. तो खनिज वाहणाऱ्या बार्जवर तारवटी, म्हणजे खलाशी होता. डिचोलीच्या बाजूने माल भरून बार्ज खाली यायची. खाणी बंद पडल्या तशी बार्ज धक्क्याला लागली ती लागलीच. घरी बसलेला पुरुष काय करतो? कोणी पत्ते खेळतो, कोणी चौकात राजकारण करतो. वासूने पडवी रिकामी केली आणि शर्यतीच्या होड्या दुरुस्त करायला घेतल्या.

शर्यतीची होडी म्हणजे मासेमारीची नव्हे, हे सांगायला हवे. ही अरुंद, हलकी, दोघांनी वल्हवायची. बघितली तर वाटावे, माणूस शिंकला तरी उलटेल. आमच्या नदीत त्रिपुरीच्या सुमारास शर्यती असतात. आता सगळ्यांच्या फायबरच्या होड्या आल्या; पण काही घरांत जुन्या लाकडी होड्या वळचणीला पडून असतात, आजोबांच्या, काकांच्या. त्या लोक टेम्पोत उपड्या घालून आमच्याकडे आणायचे. मयेहून, डिचोलीहून, एकदा फोंड्याहून. वासू नवीही बांधायचा, पण जुनी उभी करणे त्याला जास्त आवडे. कुजलेली फळी काढायची आणि तिच्या जागी फणसाची किंवा आंब्याची बसवायची. फळीला बाक आणायचा तर ती वाफेवर मऊ करावी लागते. आमच्याकडे वाफ कुठली? न्हाणीतले तांब्याचे भाण. त्यात पाणी उकळायचे, वर फळी धरायची, फळीवर गोणपाट. मग त्याच पाण्याने आम्ही आंघोळी करायच्या. माझी जाऊ सुमन सावंतवाडीकडची, तिची जीभ मालवणी आणि तिखट. ती न्हाणीतून ओरडायची, “अहो, आज आंगाक कसलो वास मारता, आंब्याचो काय फणसाचो? पावणे इले तर सांगूक होया!” तो पडवीतून, “फणसाचो! साबण वाचता बघ तुझो!”

फळ्यांच्या सांध्यांत तो कापूस ठोकून बसवायचा आणि वरून राळ नि तेल. कापूस म्हणजे सुमनचा, समईच्या वाती वळायला आणलेला. दिवाळी आली की वाती वळायला कापूस नाही. “देवाक काळोखात ठेवा तुमी,” ती म्हणायची. आणि गळती शोधायची त्याची तऱ्हा अशी: होडी पाण्यावर सोडायची, तिच्यात चुलीतली सुकी राख भुरभुरायची, आणि गप्प बसून बघायचे. जिथे राख काळी पडेल तिथे पाणी येते आहे. तासन्तास तो त्या राखेकडे बघत बसे. मी काठावर. “वैनी, तू जा घरा, हंय कमरेइतका पाणी आसा.” मी म्हणे, “कमरेइतक्यात माणूस बुडत नाही असे कोणी सांगितले तुला?”

आता जे सांगते ते नीट ऐका, कारण सगळा घोर त्यातूनच लागला. होडी वर्षभर पडवीत वाशांना टांगलेली असते. लाकूड सुकते, आकसते, सांधे उघडतात. म्हणून शर्यतीच्या आधी ती बुडवायची. खरोखर बुडवायची. आत गोट्यांनी भरलेली गोणपाटे ठेवून नदीच्या तळाला बसवायची. तिथे लाकूड पाणी पिते, फुगते, फळी फळीला घट्ट मिळते. मग वर काढायची ती थेट शर्यतीला. मधे सुकू द्यायची नाही. वासू ती बुडवून आला की रोज सकाळी जाऊन पायाने चाचपून, गाळ झाडून, फळ्या खरवडून यायचा, आणि माझा तो मिस्ड कॉल त्यासाठी.

एका वर्षी काय झाले, पलीकडच्या काठावरच्या लोकांना ओहोटीच्या वेळी ती दिसली. भली माणसे. त्यांना वाटले, कोणाची तरी होडी बुडाली. सगळ्यांनी मिळून ती वर ओढली, धुतली, पुसली आणि चांगली कडक उन्हात सुकत घातली. वर हार घातला, नारळ फोडला. आणि माणूस पाठवला, ‘वासूभाऊ, तुमची होडी वाचवली, घाबरू नका!’ वासू गेला. फळ्या दोन्हीकडे तडकलेल्या. त्याने काय करावे? त्यांचा चहा घेतला, नारळाचा प्रसाद खाल्ला, सगळ्यांचे आभार मानले आणि घरी येऊन पांघरूण घेऊन निजला. मी विचारले, “शिव्या तरी घालायच्या होत्यास.” तर म्हणाला, “वैनी, हार घातलेलो गो तिका...” त्या वर्षापासून मात्र त्याने होडी कुठे बुडवली हे कोणालाही सांगणे सोडले. सुमनला नाही, मला नाही, पास्कूलासुद्धा नाही.

पास्कू म्हणजे त्याचा जोडीदार. नदीच्या वळणावर त्याचे घर, मागे नारळीची बाग. होडीत पुढे पास्कू, मागे वासू, अशी तरुणपणापासूनची जोडी. वासूने दुरुस्त केलेल्या होड्यांनी दुसऱ्यांना कितीतरी वेळा पहिले आणले. हे दोघे स्वतः कधी पहिले आले नाहीत, कारण वल्हवताना भांडायचे. काठावर आम्हांला ऐकू यायचे. वासू, “पास्कू, डावो हात मार, डावो!” पास्कू, “तूं म्हाका शिकयता? म्हज्या बापायन तुज्या बापायक फेरीबोटीर व्हेला!” तोवर बाकीच्या होड्या पुढे. आणि संध्याकाळी पडवीत बसून पुन्हा तीच शर्यत तोंडाने. त्यांच्या त्या होडीच्या किती फळ्या बदलल्या, आणि पहिल्या लाकडातले आता काय उरले असेल, देव जाणे. पण ती तीच होडी, याबद्दल दोघांचे भांडण नव्हते.

वासू गेला तो दसऱ्यानंतर. तिसऱ्या दिवशी, घरात माणसे दबक्या आवाजात बोलत बसलेली, तेव्हा सुमन माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “वैनी, होडी पाण्यात आसा.” मी हातातले भांडे खाली ठेवले. वाशांकडे बघितले. दोऱ्या नुसत्या लोंबत होत्या. “खंय?” मी विचारले. “माका म्हायत नाय गो. माका काय सांगी?” आम्ही सुतकात, घराबाहेर पडायची सोय नाही. पास्कूला बोलावले. तो अंगणातच उभा राहिला, टोपी हातात, आणि म्हणाला, “वयनी, म्हाकाय खबर ना.” तुम्ही म्हणाल, राहिली थोडे दिवस पाण्यात तर काय बिघडले? बिघडते. ही नदी खारी. रोज कोणी खरवडले नाही की लाकूड पोखरणारा किडा लागतो. वरून काही दिसत नाही, आतून चाळण होते. शिवाय गाळ बसतो, आणि मग ती उचलताना मोडते. पास्कूचा एक खांदा आधीच गेलेला. तरी तो रोज बांबू घेऊन ओहोटीला उतरायचा, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाशी शोधायचा, तिवरांच्या मुळांत शोधायचा, आणि संध्याकाळी आमच्या दगडी गडग्याजवळ येऊन नुसती मान हलवून जायचा. घरात गरुडपुराण चाललेले, आणि माझे मन सगळे नदीच्या तळाला. लोकांना वाटे मी दिरासाठी रडते आहे. त्याच्यासाठी रडतच होते, पण मधेच वाटायचे, आज आणखी एक दिवस गेला.

मला सुचले ते परसात. मागच्या खड्ड्यात राख टाकायला गेले तर वर तिसऱ्यांच्या शिंपल्या. वासू होडी चाचपायला जायचा तेव्हा येताना टॉवेलात बांधून काहीतरी आणायचाच; त्याला रिकाम्या हाताने नदीवरून येता यायचे नाही. शेवटच्या दिवसांत त्याने तिसऱ्या आणल्या होत्या, आणि त्यांच्या सुक्यात रेती कचकचली म्हणून मी बोलले होते, “धुतल्या नाहीस का नीट?” रेती! मानशीजवळ तर सगळा चिखल, तिथे खुबे मिळतात, तिसऱ्या नव्हेत. रेती कुठे आहे? जुन्या फेरीबोटीच्या धक्क्याखाली. पूल झाल्यापासून तिकडे कोणी फिरकत नाही. मी तिथूनच ओरडले, “सुमन, पास्कूला फोन लाव!” सुतकातल्या घरात इतक्या मोठ्याने ओरडलेली बाई बघून आलेले लोक घाबरले.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला पास्कू धक्क्याखाली उतरला आणि त्याने फोन केला तो धापा टाकत, “पांयांक लागली गो वयनी! तीच ती! तिची कड हांव न्हिदेंतूय वळखतां!” मला वाटले, सुटलो. पण सुटलो कुठे... गोट्यांनी भरलेली ती एकट्या पास्कूला उचलेना, म्हणून बारावे उरकल्यावर तिला काढले. पास्कूने बागेत काम करणारी चार माणसे आणली. गोटे काढले, पाणी उपसले, ती हळूहळू वर आली. मी काठावर नारळाच्या झाडाला धरून उभी. एका बाजूच्या फळीला किड्याने तोंड लावलेच होते. पास्कूने पटाशीने तेवढे खरवडून राळ भरली. म्हणाला, आता परत बुडवायची नाही, किडा फिरून लागेल. आणि बाहेर ठेवायची नाही, हे ऊन बघा कसे आहे, दोन दिवसांत सांधे उघडतील, आणि उघडलेले सांधे बंद करणारा हात आता नाही. मग करायचे काय? पाण्यावर ठेवायची आणि वापरात ठेवायची, त्रिपुरीपर्यंत. “पैली येवंची ना,” पास्कू म्हणाला, “पूण त्या दिसा ती रांगेंत उबी रावंक जाय. फाटल्यान कोण बसता तें हांव पळयतां.” मागे वासूच्या जागी कोणाला बसवायचे ते तोच बघणार आहे.

तर ती आता आमच्या परसाखाली, नारळाला बांधून ठेवली आहे. पण घोर असा की ही होडी हलकी. रिकामी असली की फुलासारखी वर तरंगते आणि वरच्या फळ्या पाण्याबाहेर राहतात. बाल्दीने पाणी मारून बघितले, ऊन ते लगेच पिऊन टाकते. गोट्यांची गोणपाटे ठेवून बघितली. प्रवाशांना फिरवणारी एक मोठी बोट गेली, तिच्या लाटेने गोणपाटे एका अंगाला सरकली आणि आमच्या डोळ्यांदेखत होडी पाणी घ्यायला लागली. पास्कू कपड्यांसकट उडी मारून पोचला म्हणून राहिली. म्हणजे वजन हवे, पण ते लाटेबरोबर स्वतःला सावरणारे हवे. माणूस हवा.

पास्कू रोज किती बसणार? एका दुपारी बघते तर सुमन चवळीच्या शेंगा आणि सूप घेऊन खाली उतरली, पदर खोचला आणि चढून बसली होडीत, सरळ मधोमध. मी वरून किंचाळले. ती म्हणते, “कित्या बोंब मारतस वैनी? लगीन झाल्यापासून माका एकदा बसवक नाय तेनी. ‘भार जाता’ म्हणी. आता भारच होयो आसा ना? बसतंय.” आणि शेंगा सोलू लागली. होडी बोटभर खाली गेली, वरची फळी भिजली. मी दोरी धरून उभी. दोरी नारळाला बांधलेलीच होती, तरी मी धरून होते. तेव्हापासून रोज भरतीला हे चालले आहे. ती होडीत, मी काठावर. भाजी चिरून होते, वाती वळून होतात. वासूचा विषय निघतो. कधी ती रडते, तिथेच, पाण्यावर. मला जवळ जाता येत नाही, मी काठावरून नुसते “सुमन, ए सुमन” करते.

परवा तिला ताप भरला. पास्कू खांदा दाखवायला पेडण्याला गेलेला. भरती आली, ऊन वर आले आणि होडी हलकी, डुलते आहे. मी राख भुरभुरून बघितली, त्याच्यासारखी. काळी पडली नाही. पण वरच्या सांध्यात एक बारीक पांढरी रेघ दिसायला लागली होती. लाकूड आकसायला लागले की ती आधी येते. मी कितीतरी वेळ काठावर फिरले. पोदेर सायकलवरून गेला, त्याला हाक मारावीशी वाटली. मारली नाही, त्याला पाव विकायचे असतात. शेवटी चपला काढल्या. कशी चढले ते विचारू नका. डोळे मिटून दोन्ही कडा धरून बसले. पाणी फळीच्या त्या बाजूला, माझ्या हातापासून चार बोटांवर, आणि ते सारखे काहीतरी पुटपुटत होते. छाती इतकी धडधडत होती की वाटले, होडी त्यानेच हलते आहे. डोळे उघडले तेव्हा आत पाण्याचा थेंब नव्हता. सगळे सांधे कोरडे, घट्ट. वासूच्या हातावर मी इतकी वर्षे विश्वास ठेवला नाही असे नाही, पण तो माझ्या अंगाखाली असा कधी लागला नव्हता... मला उतरवायला पास्कू संध्याकाळी आला तेव्हा मी हसत होते की रडत होते, त्यालाही कळले नाही.

पण काळजी संपलेली नाही. मी बसून आले तरी ती पांढरी रेघ पुरती गेली नाही. आम्ही दोघी म्हाताऱ्या बसलो तरी वरच्या फळीचा काठ बाहेरच राहतो, आमची अंगे ती केवढी. आणि त्रिपुरीला अजून अवकाश आहे. म्हणून म्हणते, धारगळहून आमच्याकडे यायला वेळ तो किती? नव्या रस्त्याने तर डिचोलीकरांनाही जड नाही. तुमच्या होड्यांवर वासूने राखेकडे बघत दिवस काढले. तुम्ही त्याच्या होडीत तासभर बसा. काही करायचे नाही. वल्हवायचे नाही, भांडायचे तर बिलकुल नाही. दोघे-दोघे या, म्हणजे तोल राहतो. पोहता येत नसेल तरी या, मला तरी कुठे येते? वर चहा आहे, पाव आहेत, सुमनला ऐकणारे माणूस हवे आहे. या आठवड्यात भरती दुपारची आहे, ऊनही तेव्हाच कडक असते. होडीला वजन कमी पडते आहे हो. लवकर या.